पिशवीची गाठ न सोडलेल्या नमुन्याचा अहवाल दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, खडक-कालमापन विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक कक्षाशी चौथ्यांदा बोलणे झाले आणि त्यानंतर हे पत्र लिहिणे भाग पडले. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांनी तुमसर तालुक्यातील चिखल्याच्या बाजूने सौसर समूहाचे, म्हणजे या भागातील प्राचीन रूपांतरित खडकांच्या गटाचे, दोन नमुने आणले होते, एक क्वार्ट्झाइटचा (वाळूचा खडक उष्णता-दाबाने बदलून झालेला) आणि एक अभ्रकी शिस्टचा (अभ्रकाचे पापुद्रे असलेला रूपांतरित खडक). क्वार्ट्झाइटमधून झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे किमान १०० कण काढून प्रत्येकाचे युरेनियम-शिसे वय (युरेनियमचे शिसे किती झाले यावरून मोजलेले) द्यावे, असे मागणीपत्रात स्पष्ट लिहिले होते आणि मुलांच्या वर्गणीतून शुल्कही त्याच कामाचे भरले होते. आपण शिस्टमधल्या अभ्रकाचे पोटॅशियम-आर्गॉन वय (पोटॅशियमपासून तयार होऊन साठलेल्या आर्गॉन वायूवरून मोजलेले) काढले आणि तोच आकडा दोन्ही नमुन्यांपुढे 'खडकाचे वय' म्हणून छापला.

क्वार्ट्झाइटची पिशवी परत आली तेव्हा मुलींनी बांधलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती आणि गाठीत खोचलेली नमुना क्रमांकाची चिठ्ठीसुद्धा जागची हलली नव्हती. दगड फोडून दळल्याशिवाय त्यातून झिरकॉन निघत नाही, हे आपल्याला सांगण्याची वेळ यायला नको होती.

याबद्दल विचारल्यावर आपले प्रतिनिधी म्हणाले, "सर, दगड एकच असतो, त्याला दोन वयं कशी असतील?" मी समजावून सांगितले, की खडक साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या खाली निवल्यावरच अभ्रकात आर्गॉन टिकून राहतो, म्हणून ते वय रूपांतरणानंतर, म्हणजे उष्णता-दाबाने बदलल्यानंतर, खडक थंड झाल्याचे आहे, वाळू साचली ती त्याच्या आधी आणि ज्या खडकाची झीज होऊन वाळू झाली तो त्याहूनही जुना. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या खडकात सुमारे ४४० कोटी वर्षांचा झिरकॉन सापडला आहे, हेही सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खेड्यातल्या कॉलेजच्या प्रदर्शनातच मांडायचंय ना? मग एवढं चालून जातं." मुंबईच्या ग्राहकाला हेच उत्तर दिले असते का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता आणि वर्गणी देणारी मुले समोर बसलेली होती.

ज्या वाळूचा पुढे हा क्वार्ट्झाइट झाला ती दक्षिणेकडून, बस्तरच्या बाजूने आली की उत्तरेकडून, बुंदेलखंडातून, हा त्या मुलांचा प्रश्न होता. दोन्हीकडे सुमारे २५० कोटी वर्षांचे ग्रॅनाइट असल्यामुळे पाच-दहा कणांवर निकाल लागत नाही. अनेक कणांच्या वयांचा पट मांडावा लागतो आणि कणाचा गाभा व रूपांतरणात त्याच्याभोवती वाढलेला थर यांची वये वेगळी मोजावी लागतात. सर्वांत तरुण गाभ्याचे वय हाती आले, की वाळू त्याच्या आधी साचलेली नाही एवढे तरी ठामपणे म्हणता येते. गाठच सोडली नसल्यामुळे आपल्या अहवालात यातले काहीही नाही. झिरकॉनच्या कामात आपले नाव आहे म्हणूनच नमुने आपल्याकडे पाठवले होते, याचे अधिक वाईट वाटते.

१५ दिवसांत मागितलेले काम विनाशुल्क करून द्यावे किंवा संपूर्ण रक्कम परत करावी आणि मुलांना उद्देशून लेखी दिलगिरी कळवावी. तसे न झाल्यास मी भंडारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे. पिशवी गाठीसह कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. ती आता आयोगासमोर किंवा आपल्या प्रयोगशाळेत माझ्या देखतच उघडली जाईल.

आपला,
भूगर्भशास्त्राचा शिक्षक, तुमसर तालुका