घरामागे समुद्र असताना

व्हँकूवर, कॅनडा,
१५ सप्टेंबर

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घरामागे समुद्र असताना तिकडचा बघायला सुट्टी कशाला घालवलीस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सावकाश लिहिते.

गाडी बोटीवर चढवली तेव्हा आपली धोपावे-दाभोळची फेरीबोट आठवली. ही कितीतरी मोठी, आणि पलीकडे पोचायला पावणेदोन तास. पुढे व्हँकूवर बेटाचे डोंगर ओलांडत तीन तास गेलं की पॅसिफिक रिम हे राष्ट्रीय उद्यान लागतं.

तिथला लाँग बीच १६ किलोमीटर लांब आहे. वाळू गुहागरसारखीच घट्ट, पण सुरूची झाडं नाहीत, माड नाहीत, ओढून ठेवलेल्या होड्या नाहीत. वाळू संपते तिथे थेट जंगलच उभं. मधे वादळांनी आणून टाकलेले प्रचंड ओंडके. भरतीच्या वेळी त्यांच्यावर बसू नका, असे फलक आहेत, कारण लाट तो ओंडका सहज उचलते. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले तर हाडं ठणकायला लागली.

ओहोटीला खडकांपाशी जाता येतं. भरतीची वेळ काढायचा तुमचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब मी करून पाहिला, पण भरवसा छापील तक्त्यावरच ठेवला. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. खडकांच्या कपारीत जांभळे, केशरी तारामासे चिकटलेले होते. आई, तू असतीस तर तिथून हलली नसतीस.

आणि मग जंगल. पाऊस इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्याच तोडीचा, पण ऋतू उलटा: मुख्य पाऊस ऑक्टोबर ते मार्च, थंडीतला. मी गेले तेव्हा पाऊस नव्हता, तरी झाडं ठिबकत होती. श्रावणात आपल्या गडग्यावर चढतं तसं शेवाळ इथे बारा महिने, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. वाट लाकडी फळ्यांची, जमिनीवर पाय पडूच नये अशी बांधलेली.

आपल्या वाडीत पडलेलं झाड चार दिवसांत सरपण होतं. इथे त्याला कुणी हात लावत नाही. खाली नेचे आणि शेवाळ इतकं दाट की बी रुजायला जागा मिळत नाही, म्हणून ते आडव्या खोडावर रुजतं. एका खोडावर रोपं ओळीने उभी होती, कुणी मोजून लावल्यासारखी. पुढे एका मोठ्या झाडाखालचं खोड कधीच कुजून गेलेलं, आणि त्याला कवटाळून वाढलेली मुळं कमानीसारखी तशीच राहिलेली. मी त्या कमानीखाली वाकून आरपार बघितलं.

इथले मूळचे लोक नू-चा-नुल्थ. आपल्याला माड तसा त्यांना सीडर: खोडाची होडी, फळ्यांची घरं, सालीचे कपडे आणि टोपल्या. उद्यान १९७० सालचं, ते लोक हजारो वर्षांपासूनचे. या जमिनीवरचा त्यांचा हक्क सरकारशी पूर्ण ठरलेला नाही, म्हणून उद्यानाच्या अधिकृत नावात आजही 'राखीव' हा शब्द आहे. बाबा, कुळकायद्याच्या गोष्टी तुमच्याकडून ऐकत वाढले, त्यामुळे त्या एका शब्दाशी मी बराच वेळ अडले.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार करूनच मी सगळं बघून आले. जंगलातल्या वाटेला पायऱ्या बऱ्याच आहेत, तिथे आपण थोडंच जाऊ. पण खुरट्या पाइनच्या दलदलीतून जाणारी ८०० मीटरची वाट सपाट आहे, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. तू काठी घेऊन आरामात चालशील.

पुढच्या जूनमध्ये या. तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. व्हिसाचे कागद मी या आठवड्यात पाठवते, बाबांनी पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवावी. स्वेटर इथे घेऊ, पण बाबांची कानटोपी आणा. वारा आपल्यासारखा खारा असतो, पण बोचतो फार.

तुमची,
लेक