आईचं पोर्ट्रेट

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

आईचं पोर्ट्रेट काल पूर्ण झालं. सही करून ब्रश धुतले आणि लगेच तुला लिहायला बसलो.

ती नुसती बसेना, म्हणून ताटात तांदूळ निवडायला दिले. खिडकी बंद करून डावीकडून, जरा वरून, एकच पिवळा बल्ब लावला. एक गाल उजळला. दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला, बाकी सगळा अंधार. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी बर्न्ट अंबर कॅनव्हासभर फिरवला आणि फडक्यानं उजेडाच्या जागा पुसत गेलो. तासाभरात कपाळ, नाक, हनुवटी वर आली. इथवर छान होतं.

मग पंधरा दिवस अंधारातल्या डोळ्यापायी गेले. पापणी, सुरकुत्या, सगळं मला पाठ, म्हणून सगळं काढलं. दिसावं म्हणून छायेत पांढरा मिसळला आणि ती बाजू पिठूळ होऊन बसली. आईच दिसेना.

पणजीत तू मला गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांची चित्रं दाखवली होतीस, आठवतं? त्यांना ‘पूर्वेचे रेम्ब्राँ’ म्हणतात हेही तूच सांगितलंस. त्यावरून मूळ रेम्ब्राँची, त्या जुन्या डच चित्रकाराची, चित्रं बघत बसलो. १६२८च्या सुमाराचं, त्यानं स्वतःचंच काढलेलं पोर्ट्रेट, तेव्हा तो बावीसेक वर्षांचा. जेमतेम वीतभर उंचीचं. उजेड गालावर, मानेवर, कानाच्या पाळीवर; डोळे दोन्ही सावलीत. तरी तो रोखून बघतोय! केसांच्या बटा तर ओल्या रंगात ब्रशच्या दांड्यानं ओरखडून काढल्यात.

दुसऱ्या दिवशी ती सगळी बाजू नाइफनं खरवडली. काळा घेतलाच नाही. निळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला गडद रंग अगदी पातळ लावला, जबड्याची कड मागच्या अंधारात सोडून दिली. जाड रंग फक्त उजेडात: कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. सावलीतल्या कुडीच्या मोत्याला एकच मंद ठिपका. हात थरथरत होता रे, पण ठेवला.

आई जवळ येऊन म्हणाली, “दुसरा डोळा कुठाय?” मग दारापर्यंत मागं गेली आणि तिथंच उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही.

तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे व्हार्निश सहा महिन्यांनी. तू मात्र दिवाळीला ये. आधी दारातूनच बघ, जवळ नंतर जा.

तुझाच,
मित्र