मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दादांचे आभार
२६ एप्रिल १९९९. आमचा पहिला कॉम्प्युटर, विंडोज ९८वाला, चालता चालता बंद पडला तो पुन्हा सुरूच होईना. सीआयएच व्हायरसने बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम, पुसला होता, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भागही. आत बाबांनी टाइप केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी तोवर गेली होती.

दादा, तुम्ही तशाच दुसऱ्या मदरबोर्डवर आमची ती चिप बसवून बायोस पुन्हा भरलात. मग दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी डिस्कवर उरलेली फॅटची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदीच्या तक्त्याची, दुसरी प्रत शोधत बसलात. ओव्या सापडल्या, तेव्हा स्वतःची खुर्ची बाबांना दिलीत, "काका, सगळ्या वाचून बघा" म्हणालात आणि ते वाचेपर्यंत शेजारी उभे राहिलात. पैसे घेतलेत फक्त दोन फ्लॉपींचे.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ओव्या अजून आहेत. मनापासून आभार.