पावडरचा डबा परत करून ये

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. चिरंजीवांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ५.९ टक्के काय आली, तू लगेच प्रोटीन पावडरचा डबा आणून मोकळा! दुखणं कळायच्या आत औषध हजर, हा तुझा जुनाच खाक्या.

अरे, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तिथून मागे फिरता येतं. त्यात पोरगा वयात येतोय, या दिवसांत शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर उतरवणाऱ्या संप्रेरकाला, तसंही कमी दाद देतं. मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमली पट्टा आहे का, तेवढं बघ; इन्सुलिनला दाद मिळत नसल्याची ती खूण असते. आमच्या लेकीला होता. आम्ही तो मळ समजून महिनाभर घासत होतो आणि ती रडत होती. आठवलं की अजून लाज वाटते.

प्रथिनांचा फायदा होतो असं तू म्हणतोस, त्यात तथ्य आहे. पोट भरलेलं राहतं, शिवाय त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा पचवण्यातच खर्च होते. पिष्टमय पदार्थांची ५ ते १०. पण ऑस्ट्रेलियात रेझिस्ट नावाची चाचणी झाली, मधुमेहाच्या वाटेवरच्या १० ते १७ वर्षांच्या मुलांवर. एका गटाला जास्त प्रथिनं, दुसऱ्याला जास्त पिष्टमय. खाणं दोघांचंही आवरलेलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध दोघांनाही. इन्सुलिनच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच सुधारले! म्हणजे प्रथिनं ताटात कशाच्या जागी येतात, खरी मेख तिथं आहे. तू पावडर दुधात ढवळून नेहमीच्या खाण्यावर वरून पाजणार, तर कॅलरीच वाढणार ना? आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३४ ग्रॅम प्रथिनं पुरतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ. कर हिशेब.

आम्ही एकच केलं. सकाळचा फळांचा रस आणि गोड बिस्किटं बंद, त्याजागी दोन अंडी. चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी शाळेतून आल्या आल्या फ्रिजवर तुटून पडणारी पोरगी दप्तर टाकून थेट खेळायला पळाली. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

पण तेच सगळ्यांच्या ताटात हवं. त्याला एकट्याला अंडं देऊन तू समोर बिस्किटं बुडवत बसलास तर तो ते शिक्षाच समजेल. आणि प्रथिनं वाढवण्याआधी त्याला मूत्रपिंडाचं काही नाही ना, तेही डॉक्टरांना विचारून घे.

डब्याचं सील अजून फोडलं नसशील तर आजच परत करून ये. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना बाकसोबती