आवडता कादंबरीकार सांगा, आणि सुरुवात कुठून करायची तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतली पुस्तकांची परीक्षणं मी न चुकता वाचते, काही कात्रणं तर अजून कपाटात आहेत, पण खरं सांगायचं तर माझे आवडते कादंबरीकार मला परीक्षणातून मिळाले नाहीत, ते मिळाले बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात. 11 वर्षं झाली जा-ये करतेय. आमचा 6-7 जणींचा ग्रुप आहे, त्यात भाजी निवडणाऱ्या आहेत, जप करणाऱ्या आहेत आणि आम्ही तिघी-चौघी पुस्तकवाल्या.

कुणालाही विचारा, चांगली कादंबरी सांग ना, की मृत्युंजय, ययाति, पानिपत ही नावं लगेच येतात. ती वाचलीच पाहिजेत, मीही वाचलीत, दोनदा वाचलीत. पण त्याच्या पुढे गाडी सरकतच नाही. पुढचं नाव सांगायला कुणीतरी तुम्हाला ओळखणारं माणूस लागतं.

मला ते माणूस मिळालं. अमरावतीहून बदलीवर आलेली एक मैत्रीण, चौथ्या सीटवर कशीबशी टेकून बसायची. एक दिवस म्हणाली तू उद्धव शेळके वाचलेत का, मी म्हटलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तिने 'धग' आणून दिली, 1960 सालची कादंबरी, तिची प्रत एवढी जुनी की पानं पिवळी पडून कडेला तुटत होती आणि कव्हरला आतून चिकटपट्टी. घरी जाऊन उघडली तर संवाद सगळे वऱ्हाडीत, मी दापोलीकडची, 10 पानांत अडकले. तसं तिला सांगितलं तर तिने पुस्तक हातातून घेतलं आणि तिथेच मोठ्याने वाचायला लागली, डोंबिवलीची गर्दी आत शिरत होती आणि ही आपली कादंबरीतल्या कौतिकचं बोलणं कौतिकच्या आवाजात वाचतेय. मले म्हणजे मला, काऊन म्हणजे का, वावर म्हणजे शेत, असं मधे मधे सांगत. ठाणं येईपर्यंत मला ती भाषा ऐकू यायला लागली होती. नंतर पूर्ण कादंबरी मी त्याच आवाजात वाचली. एका गरीब शिंप्याच्या घरातली बाई, नवरा असा, पोरं लहान, आणि ती हटत नाही. वाचून झाल्यावर दोन दिवस मला दुसरं काही वाचवेना.

मग मी तिला आमच्याकडचे श्री. ना. पेंडसे दिले. इथे माझी चूक झाली. हौसेने मी थेट 'तुंबाडचे खोत' दिली, दोन जाडजूड खंड, खोतांच्या चार पिढ्या, माझी अत्यंत लाडकी, आणि तिने आठवड्याने 60व्या पानावरून परत केली, नात्यांची गल्लत होतेय म्हणाली. मला वाईट वाटलं पण चूक माझीच, मी मला आवडलेलं दिलं, तिला कुठून आत शिरता येईल याचा विचारच केला नाही. मग 'रथचक्र' दिली. 1962 ची, साहित्य अकादमी मिळालेली. त्यातली बाई, लेखक तिला नुसतं 'ती' म्हणतो, नवरा घर सोडून गेलेला आणि ती मुलांच्या शिक्षणासाठी सगळ्या घराशी झगडते. हे वाचून मैत्रीण म्हणाली अगं ही तर आमच्या कौतिकची बहीण! आणि खरंच की हो, एक वऱ्हाडातली, एक कोकणातली, दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन कादंबऱ्या, आणि आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसल्याशिवाय मला हे कधी दिसलं नसतं. तिची बदली होऊन ती परत गेली, पण पेंडशांच्या चार कादंबऱ्या तिने तिकडे मागवून घेतल्या.

माझी स्वतःची 'धग' घ्यायची म्हणून वाचनालयात गेले तर तिथे नाही. जुनी, बांधणी सुटलेली पुस्तकं काढून टाकली, कुणी मागत नव्हतं असं उत्तर मिळालं. माहीतच नसेल तर मागणार कोण? हमीद दलवाईंचंच बघा, मुस्लिम सत्यशोधक मंडळामुळे नाव सगळ्यांना ठाऊक, पण 'इंधन' नावाची त्यांची कादंबरी आहे, 1965 ची, कोकणातल्या गावातली, हे मला मागच्या वर्षी कळलं, आणि ते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे माझ्या माहेरच्याच जिल्ह्यातले.

तर विनंती एवढीच की पुरवणीत एक छोटी चौकट वाचकांना द्या. एक वाचक, एक कादंबरीकार, फार तर चार-पाच ओळी. गोष्ट सांगायची नाही, थोर वगैरे म्हणायचं नाही, फक्त पहिलं कुठलं पुस्तक घ्यावं, कुठे अडखळायला होईल आणि तुम्हाला तो लेखक कुणी दिला, एवढंच. जुन्या लेखकांना प्राधान्य द्या, नव्यांची परीक्षणं येतातच.

पहिली चौकट माझी धरा. उद्धव शेळके. त्यांनी पुष्कळ लिहिलंय पण आधी 'धग'च घ्या. वऱ्हाडी येत नसेल तर सुरुवातीची 20 पानं मोठ्याने वाचा, शक्यतो तिकडच्या कुणाकडून वाचून घ्या. मला लोकलमधल्या अमरावतीच्या मैत्रिणीने दिली.

आपली,
एक वाचक, बदलापूर