घर बडोद्यात, तर वकीलही बडोद्यातलाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातली जुनी मराठी घरं भराभर विकली जात आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा, कुठल्याही गल्लीत शिरा. एखादं तरी घर असतंच ज्याला कुलूप आहे, मालक पुण्यात नाहीतर अमेरिकेत आहेत आणि दलाल रोज ओट्यावर येऊन बसतो. त्याबद्दल हळहळायला मी हे पत्र लिहीत नाही. सांभाळायला माणूस नसेल तर घर विकावं, त्यात गैर काही नाही. पण विकताना किंवा घेताना आपली माणसं वकील कसा धरतात ते पाहिलं की राहवत नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढलं. दुसऱ्यांच्या घरांचे कागद वाचणं हेच काम. आता निवृत्त झाल्यावर नात्यागोत्यातले फोन करून विचारतात, आणि बहुतेक वेळा फोन येतो तो बानु, म्हणजे इसार, देऊन-घेऊन झाल्यावर.

माझं सांगणं एवढंच. वकील घर जिथे आहे त्या गावचा हवा, तो तुमचा स्वतःचा हवा आणि बानाखतावर, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारावर, सही व्हायच्या आधी हवा.

पुण्यातला किंवा ठाण्यातला वकील हुशार नसतो असं मी म्हणत नाही. मुंबईत तर या कामासाठी सॉलिसिटरांच्या मोठमोठ्या पेढ्या आहेत. पण तिकडच्या व्यवहाराची रीत निराळी. मुंबईत फ्लॅटच्या करारनाम्यावरच पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरून नोंदणी करतात. इथे ताबा न देता केलेलं बानाखत वेगळं आणि दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, वेगळा; पूर्ण ड्युटी लागते ती दस्तावेजाला. शिवाय जुन्या शहरातले आणि बाहेरचेही कित्येक भाग अशांत धाऱ्याखाली येतात. हा दंगलींची झळ लागलेल्या भागांसाठीचा १९९१ चा गुजरातचा कायदा. जाहीर केलेल्या भागात मिळकत विकायची तर कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. विक्री राजीखुशीने आहे ना, किंमत वाजवी आहे ना, हे ते बघतात. विकणारा मराठी आणि घेणारा शेजारचाच गुजराती असला तरी परवानगी चुकत नाही. ती न घेता केलेला व्यवहार रद्दबातल. कुठली गल्ली आत, कुठली बाहेर, हे वेळोवेळीच्या जाहीरनाम्यांवर ठरतं. इथला वकील ते पत्ता ऐकताच विचारतो. पुण्याहून आलेला मसुदा मी वाचलाय. उत्तम मराठीत होता, आणि त्यात या परवानगीचा उल्लेखही नव्हता.

मग दलाल सुचवतो, परवानगीला वेळ लागेल, तोवर कुलमुखत्यारपत्र लिहून द्या आणि पैसे घेऊन मोकळे व्हा. असं म्हणणारा दलाल आणि त्याला मान डोलावणारा वकील, दोघांनाही दुरूनच नमस्कार करावा. कुलमुखत्यारपत्रावर घर विकलं जात नाही, मालकी बदलते ती नोंदलेल्या दस्तावेजानेच, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलेलं आहे.

कागदांचंही तसंच. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड गुजरातीत, त्यावर विभाग, टिका नंबर, सर्व्हे नंबर. नावं जुन्या वळणाची, ‘बाई अमुक ते अमुकरावनी विधवा’ अशी. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचा एखादा कागद ट्रंकेत निघाला आणि तो मोडीत असला, तर तो वाचून घ्यायला कोणाकडे जायचं हेही स्थानिक वकिलालाच ठाऊक असतं. कागदाबाहेरच्या गोष्टी तर आणखी. जुन्या घरांना मजमू, म्हणजे सामाईक, भिंती असतात. कोणाच्या तुळया कोणाच्या भिंतीत गेल्या आहेत, न्हाणीचं पाणी कुणाच्या खडकीतून, म्हणजे दारापुढच्या अंगणातून, वाहतं, शेजाऱ्याची खिडकी आपल्या चौकात किती वर्षं उघडते आहे (उजेडाचा हक्क वीस वर्षांत पक्का होतो), हे झेरॉक्समध्ये दिसत नाही. त्यासाठी जिना चढून बघावं लागतं. घर न बघता टायटल, म्हणजे मालकी निर्वेध असल्याचं पत्र, देणारा वकील मला तरी नको.

जाहेर नोटीस हा आणखी एक प्रकार. खरेदीदाराचा वकील गुजराती दैनिकात नोटीस देतो की अमुक मिळकतीवर कोणाचा हक्क-दावा असेल तर इतक्या दिवसांत कळवा. ठाण्यात बसलेल्या पुतण्याला ती कुठून दिसणार? इथले मिळकतीचं काम करणारे वकील सकाळच्या चहाबरोबर पहिल्यांदा त्याच वाचतात. त्यातून घरंही वाचतात.

आता ‘स्वतःचा’ याबद्दल. दलाल म्हणतो, आपलाच वकील आहे, दोन्ही पार्टीचं काम करून देईल, खर्च वाचेल. वाचतोही थोडा. पण त्या वकिलाला पुढचं काम देणारा तुम्ही नव्हे, दलाल असतो. व्यवहार मोडू शकेल असा प्रश्न तो कशाला काढेल? बँकेबद्दल तर मी अधिकाराने बोलू शकते. ‘बँकेने कर्ज पास केलं म्हणजे टायटल क्लिअर’ हे वाक्य मी टेबलापलीकडून इतक्यांदा ऐकलं की मोजदाद नाही. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी अहवाल लिहितो. उद्या हप्ते थकले तर बँकेचे पैसे निघतील का, हे त्याला बघायचं असतं. मागच्या ३० वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कचेरीतल्या दस्तांची तपासणी, करतात, तो चांगलाच. पण त्याआधी नोंदीतून वगळलेली आत्या सर्चमध्ये सापडत नाही.

आत्या म्हटलं म्हणून सांगते. माझ्या माहेरच्या नात्यातलं घर, मालक तीन भावांची मुलं, सगळी बाहेरगावी. दलालाने गिऱ्हाईक आणलं, त्याच्याच वकिलाने बानाखत टाइप करून ठेवलं. माझा चुलतभाऊ सहीला आला तेव्हा मी त्याला आधी रावपुऱ्यात एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. वयाने माझ्याहून लहान, पण मिळकतीच्या कामात मुरलेल्या. भावाने फाइल पुढे केली. बाईंनी ती न उघडता बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “कागद नंतर. आधी माणसं सांगा.” भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेल्या महिन्याचा कागद फाडून पाठीमागे पेढीनामा, म्हणजे वंशवेल, काढायला बसल्या. आजोबा वर, खाली आजी, तीन मुलगे. मग पेन थांबवून विचारलं, “मुली?”

दोन होत्या. एक नागपूरला दिलेली, एक ग्वाल्हेरला, दोघीही वारलेल्या. भाऊ म्हणाला, “वकीलबाई, आत्यांची लग्नं कधीच झाली. आणि मुलींचा कायदा २००५ चा ना? आजोबा तर अडुसष्टमध्ये गेले.”

हा गैरसमज आपल्याकडे शिकल्यासवरलेल्यांतही घट्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासून हक्क दिला, आणि राहत्या घराची वाटणी मुलींनी मागू नये अशी जी अडकाठी होती ती काढली. पण वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच आहे. हे घर आजोबांनी पगारातून घेतलेलं. वारसाईच्या वेळी घरच्यांनी नुसती मुलांची नावं दिली आणि कार्डावर तीच चढली. कार्डावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. वेराबिलावर, म्हणजे घरपट्टीच्या बिलावर, नाव आहे म्हणून मालकीही येत नाही, हे जाता जाता.

बाईंनी दोन्ही आत्यांच्या खाली त्यांची मुलं लिहिली आणि म्हणाल्या, एकतर यांनी नोंदणी केलेली हक्क कमीची लेखं, म्हणजे हक्कसोडपत्रं, करून द्यावीत, नाहीतर दस्तावेजात विकणारे म्हणून सह्या कराव्यात. भावाचा चेहरा पडला. ग्वाल्हेरकडच्यांशी कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. फोन मीच लावला. तिकडचा आतेभाऊ शांतपणे म्हणाला, “सही देतो ताई, पण आईचा हिस्सा मिळाला पाहिजे.” मिळाला. द्यायलाच हवा होता. व्यवहार काही महिने लांबला, गिऱ्हाईक कुरकुरलं, पण टिकलं. बानाखत आधी झालं असतं तर मुदत पाळता आली नाही म्हणून तेच गिऱ्हाईक नोटीस घेऊन दारात उभं राहिलं असतं.

म्हणून ‘आधी’. बानाखत म्हणजे नुसती बोलणी, असं विकणाऱ्याला वाटतं. त्याने मालकी जात नाही हे खरं, पण त्याच्या जोरावर घेणारा कोर्टात जाऊन दस्तावेज करून मागू शकतो. मुदत काय, परवानगीला वेळ लागला तर काय, बानु कधी परत, भाडेकरू असेल तर त्याला कोणी उठवायचं, हे सगळं त्याच कागदात ठरतं. त्यावर सही करून झाल्यावर वकिलाकडे गेलात तर त्याच्या हातात उरतं थोडंच. नव्या स्कीममध्ये बिल्डरकडून घेणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं की रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथेच वकिलाची पारख होते. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ही फी माफ. ड्युटी मोजतात ती जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर. २०११ ची जंत्री एप्रिल २०२३ मध्ये जवळपास दुप्पट झाली, तरी अजून “दस्तावेज जंत्रीचा करू, वरचे रोख” असं सुचवणारे आहेत. २०१५ पासून मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तितकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. पैसे मोजणारा सुटतो, आपल्या काकू अडकतात. वकिलानेच हा सल्ला दिला तर खुर्चीवरून उठावं.

परदेशातल्या मुलांना दोन गोष्टी. कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प लावून घ्या. पण मसुदा इथल्या वकिलाकडून मागवल्याशिवाय करू नका. दुसरं, घेणारा ‘५० लाखांच्या वर १ टक्का टीडीएस’ असं म्हणेल, तो नियम विकणारा भारतात राहत असेल तर. विकणारा अनिवासी असला की टीडीएस बराच जास्त आणि ५० लाखांची सूटही नाही. पुढचं सीएला विचारा, तो माझा प्रांत नव्हे.

असा वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे मोबाइलवर ठळक झळकणाऱ्या नावांना मी फारशी किंमत देत नाही. गल्लीत गेल्या दोन-चार वर्षांत कोणाचं घर विकलं गेलं ते बघा आणि घेणारा-विकणारा दोघांनाही विचारा. दोघेही ज्याच्याबद्दल कुरकुरत असतील तो बहुधा चांगला वकील. फौजदारीत गाजलेलं नाव इथे कामाचं नाही. कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीतून २०१८ साली दिवाळीपुऱ्यात गेलं, पण मिळकतीचं काम करणारे वकील कोर्टापेक्षा सिटी सर्व्हे आणि सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतच जास्त भेटतात. तिथल्या बाकावर अर्धा तास बसलात तरी कोणाला कोण ओळखतं ते कळतं. पहिल्या भेटीत फी किती, सर्चचा आणि नोटिशीचा खर्च वेगळा की आत, हे लिहून मागा. टायटलचं पत्र स्वतःच्या सहीने, सनद नंबर घालून देणार का, हे विचारा. मूळ दस्तावेज मागतो की झेरॉक्सवर भागवतो ते बघा. मूळ कागद सावकाराकडे किंवा बँकेत ठेवून कर्ज काढण्याची पद्धत जुनीच आहे, तेव्हा “मूळ कुठे आहेत?” हा प्रश्न न विचारणाऱ्याला आमच्या बँकेत आम्ही पॅनेलवर घेतलं नसतं.

आणि दस्तावेज झाला, पेढे वाटले, की काम संपलं असं समजू नका. घेणाऱ्याने इंडेक्सची (दस्त नोंदल्याच्या उताऱ्याची) नक्कल, जुने मूळ कागद आणि परवानगीचा हुकूम वकिलाकडून मोजून घ्यावा, आणि प्रॉपर्टी कार्डावर नावफेर पडला की नाही ते स्वतः जाऊन बघावं. विकणाऱ्यानेही वेराबिलावरचं आणि विजेच्या मीटरवरचं आपलं नाव निघालं की नाही याची खात्री करावी. आमच्या गल्लीत एक घर विकून पुष्कळ वर्षं झाली, तरी त्याचं वेराबिल अजून पुण्याला गेलेल्या काकांच्याच नावाने येतं, आणि पोस्टमन ते माझ्याकडे टाकून जातो.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदे