इंग्रजी शब्दांची मुळं शिकवा

महोदय,

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये आपली मुलं इंग्रजीतल्या अवघड, क्वचित वापरातल्या शब्दांच्या याद्या घोकताना दिसतात. शब्द वाचला, समोरचा अर्थ म्हटला, की लगेच पुढचा. परीक्षा संपली की सगळं विसरलं जातं. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

या शब्दांची गोडी त्यांच्या घडणीत आहे. ‘पेट्रिकोर’ म्हणजे कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणारा वास. १९६४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात हा शब्द घडवला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक पुराणांतल्या देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. रोहिणी कोरड्या गेल्यावर मृगाचा पहिला शिडकावा ज्याने मराठवाड्यात अनुभवला आहे, त्याला एवढं सांगितलं तरी पुरे; हा शब्द त्याला पाठ करावा लागत नाही. ‘पॅकिडर्म’चंही तेच. नीटची तयारी करणाऱ्यांना ‘एपिडर्मिस’ ठाऊक असतं. ‘डर्मा’ म्हणजे त्वचा, ‘पॅकिस’ म्हणजे जाड, मग हत्ती-गेंडा आपोआप डोळ्यांपुढे येतात.

शिकवणी वर्गांनी हवं तर यादीतले निम्मे शब्द गाळावेत, पण उरलेल्यांची मुळं फळ्यावर लिहावीत. तालुक्याच्या वाचनालयांत व्युत्पत्ती देणारा एक तरी इंग्रजी कोश असावा, आणि तो कुलूपबंद कपाटात नव्हे, टेबलावर. आपल्या दैनिकानेही दर आठवड्याला असा एक शब्द मुळासकट छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, उदगीर